शिरपूरची कुस्ती काय धरायची

गफूरभाई,

किसन आला तेव्हा मी तू दिलेली रजई खोलीसमोरच्या तारेवर उन्हात टाकत होतो. लांबूनच त्यानं हाक दिली, "नारायणभाऊ किन्हीराजावाले इथंच राह्यते का?" इथं बंगालात येऊन इतकी वर्षं झाली, पण गावाचं नाव लावून मला कोणी विचारलं नव्हतं. मी रजई तशीच लोंबती सोडून धावलो. रेल्वेच्या कारखान्यात काही काम मिळतं का पाहायला तो आला होता. आपल्याच आखाड्यातला म्हणून थेट माझ्याकडं आला. त्याला पाणी दिलं, बसवलं. कपाशी कशी आहे विचारलं, ज्वारी कशी आहे विचारलं, आणि सगळ्यात गोड गोष्ट शेवटी ठेवावी तसं शेवटी विचारलं, "अन् आमचा पहिलवान काय म्हणते?"

किसननं लोटा खाली ठेवला. "म्हणजे? तुमाले कोणी कळवलं नाई?"

कोण कळवणार होतं? तुझ्या घरात लिहिणारं कोणी नाही आणि माझ्या घरात आता कोणी उरलंच नाही. पोळ्याच्या आधी तुला हिवताप धरला आणि पोळा होऊन बैलांच्या शिंगांचा रंगही उतरला नव्हता तोवर तू गेलास. मला कळलं दिवाळीच्या तोंडावर. मधल्या सगळ्या दिवसांत तू आहेस असं धरूनच मी जगत होतो. भट्टीपुढं उभा राहून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतसुद्धा असेन. शिरपूरवरूनच. आपल्याला भांडायला दुसरं होतं काय?

तू काही नावाजलेला पहिलवान नव्हतास. हे मी तुझ्या तोंडावर म्हणत आलो, आता पाठीमागं कशाला बदलू? तू उन्हातला पहिलवान. ऊन डोक्यावर असतं तेव्हा दंगलीत रेवड्यांच्या बक्षिसाच्या कुस्त्या लागतात, पोराटोरांच्या. मग नारळाच्या. मग पटक्याच्या. ऊन उतरून लिंबाची सावली आखाड्यावर आली, पाटील-देशमुख जेवूनखाऊन खुर्च्यांवर येऊन टेकले, डफडेवाल्यांच्या अंगात आलं, की मग नावाच्या पहिलवानांच्या जोडी. तुझी जागा नारळात, फार तर पटक्यात. तुझी कुस्ती लागे तेव्हा माती पायाला चटके देई आणि निम्मे लोक झाडाखाली तोंडावर फडकं घेऊन झोपलेले असत. भाभी म्हणायची, "घरात खोबरं सरलं की ह्यायले दंगल आठवते." तू हसायचास. म्हणायचास, "खोबरं घरी येऊन राह्यलं नं? मंग झालं."

पण हिशेब मात्र तू सावलीतल्या पहिलवानांनाही लाजवील असा ठेवायचास. आखाड्याच्या आतल्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत. जिंकली की उभी, हारली की आडवी. पंचांनी बरोबरीत सोडवली तर काहीच नाही. नागपंचमीला वस्ताद भिंतीला चुना देत आणि सगळ्यांच्या रेघा त्याखाली जात. बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. नवी भिंत, नवं वर्ष. तू एकटाच असा, की चुना वाळला न वाळला तोच माझा हात धरून मला भिंतीपाशी बसवायचास आणि अगदी पहिल्या कुस्तीपासूनच्या सगळ्या रेघा पुन्हा काढायला लावायचास.

"मालेगावची?"

"उभी."

"मेडशीची?"

"आडवी."

"आडवी कशी बे? त्यानं अंगाले तेल लावलं होतं!"

"तेल लावो नाही तं तूप लावो. पाठ लागली तुही."

वस्ताद तिकडून ओरडत, "गफऱ्या, भित खराब करू नको, काल चुना देला." तू म्हणायचास, "वस्ताद, खराब नाई करून राह्यलो. वाचता यावी म्हणून लिहून राह्यलो." तुला अक्षर येत नव्हतं, पण तुझी सगळी उमर तू त्या भिंतीवर वाचायचास. मी चौथीतून शाळा सोडलेला. माझ्याकडून कोणी काही पाठ करून घेतलं असेल तर ते तू. तुझ्या कुस्त्या मला अजून गावांच्या क्रमानं येतात. भट्टीवर पाळी लांबली की त्याच म्हणतो.

तुला काय हवं होतं हेही मला ठाऊक आहे. एकदा कापूस पिंजता पिंजता तू कमान थांबवलीस. तुझ्या भुवयांवर, मिशांवर कापसाचं भुरभुरं बसलेलं होतं, पार म्हातारा दिसत होतास. म्हणालास, "नारू, मले मोठं नाव नाई पायजे. पण मेल्यावर लोकायनं म्हणलं पायजे, गफूर बरोबरीचा पहिलवान होता. जेवढ्या हारला तेवढ्या जिंकला. त्याच्या वर एक नाई पायजे, पण त्याच्या खाली बी नाई."

मी म्हटलं, "एवढुसंच?"

"तुले एवढुसं वाटते? हारता हारता बरोबरीत राह्यनं काय असते ते मातीत उतर म्हणजे समजन."

मातीत मी कधी उतरलो नाही. मी तुझा शेला धरणारा. आपल्याकडं पहिलवान मातीत जाताना आपला शेला आपल्या माणसाच्या हाती देतो. त्या माणसाला वाटलं, आता याच्या जिवावर बेततंय, तर त्यानं शेला मातीत टाकायचा. शेला पडला की समोरच्याला हात काढावाच लागतो. तुझा शेला तुझे अब्बा धरत. ते गेले, आणि कितीतरी दंगली तू कोणाच्याच हाती शेला दिला नाहीस. मी तेव्हा शाळा सुटून बरीच वर्षं झालेला, मिसरूड फुटलेला, कोणाच्या वावरात दोन दिवस, कोणाच्या गोठ्यात दोन दिवस, असा घरादाराला नकोसा झालेला होतो. तू आखाड्याच्या दारात मला अडवलंस.

"काहून रे, आजकाल काय करतं?"

"काई नाई."

"काई नाई करणारा माणूसच मले पायजे होता. धर." आणि शेला माझ्या खांद्यावर टाकलास.

मी घाबरून म्हटलं, "भाई, मले कुस्तीतलं काई समजत नाई. अन् मले डर लागते."

"म्हणून तं तुले देऊन राह्यलो. न डरणारा माणूस शेला टाकतच नाई, मजा पाह्यत राह्यते. माहे अब्बा बी डरायचे."

माझ्या भित्रेपणाचा कोणाला उपयोग आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सांगितलं. त्या दिवसापासून गावात मला नाव आलं. "तो कोण?" "तो गफूरचा शेलेवाला." माझी आई ते शेजारणींना सांगायची. एवढं एक तू दिलंस, आणि मी त्याचं काय केलं ते शिरपूरला दिसलं.

शिरपूरच्या जत्रेत नेहमीसारखा तुला नारळ बोलले होते. तुझी कुस्ती दुपारीच झाली, तू जिंकलास, आपण नारळ फोडून खाल्लासुद्धा. मग ऊन उतरलं आणि सावलीतल्या जोडीतला एक पहिलवान आलाच नाही. मेहकरकडचा जवान लंगोट लावून उभा, समोर कोणी नाही. पंच ओरडले, "हाये का कोणी?" वस्तादांनी तुझ्या पाठीत गुद्दा घातला. "उठ गफऱ्या. लिंबाची सावली पाह्यली का कधी? जा, पाहून ये."

तू उठलास. माझ्याकडं शेला देताना तुझा हात गार होता. म्हणालास, "नारू, माती थंडी हाये रे." मुलाला नवं अंगडं मिळावं तसं तुझं तोंड झालं होतं.

तू किती वेळ टिकलास ते मला सांगता येणार नाही. लोक उठून उभे राहिले एवढं आठवतं. झोपणारे नव्हते यावेळी. मग त्यानं तुला खाली घेतलं. तुझ्या मानेवर त्याचा कोपर, वर त्याचं सगळं अंग, तुझं तोंड मातीत. तुझे कान लाल झाले, मग काळे झाले. तुझा डावा हात मातीत काहीतरी शोधत होता. मला वाटलं, तू शेला शोधतोस. मला मान मोडल्याचा आवाजही ऐकू आला. तो आवाज दुसऱ्या कोणालाच आला नाही, तुलाही नाही. मी शेला टाकला.

डफडं थांबलं. तो जवान हात काढून उठला. तू उठलास, तोंडातली माती थुंकलीस. माझ्याकडं पाहिलं नाहीस. शेला उचललास, झटकलास, खांद्यावर टाकलास. मागून कोणीतरी ओरडलं, "न्या बावा घरी, दूध पाजा!" आणि सगळी सावली हसली.

परतताना बैलगाडीत तू वैरणीवर पाठ टेकून पडला होतास. मला वाटलं झोपलास. मालेगावचे दिवे दिसू लागले तेव्हा बोललास.

"नारू, मी वळूनच राह्यलो होतो."

"तुही मान मोडली असती, भाई."

"मी हात कायले रोवून राह्यलो होतो मंग? हात रोवला का वळता येते. अजून येवढुसा येळ देला असता तं तो खाली राह्यला असता."

"मले तं मान दिसली फक्त."

"हो," तू म्हणालास. "तुले मानच दिसन. त्याच्यासाठीच तं तुले ठेवला."

तू रागावून बोलला नव्हतास. रागावला असतास तर मला रडता आलं असतं.

त्या वर्षीच्या नागपंचमीला चुना वाळल्यावर आपण बसलो. सगळ्या गावांच्या रेघा झाल्या. शिरपूरची दुपारची, उभी. मग तू काहीच विचारलं नाहीस. मी आपणहून कोळसा घेतला आणि एक आडवी काढली.

"हे काय?"

"शिरपूरची. दुसरी."

"ते सोडवली नं? सोडवलेलीची रेघ कुठं असते?" आणि अंगठ्यानं तू ती पुसलीस.

"पंचायनं सोडवली तं बरोबरी. आपलाच शेला पडला तं हार." मी पुन्हा काढली.

"मेहकरवाल्याचा बाप हाये का तू?" पुन्हा पुसलीस.

वस्तादांना विचारलं. ते म्हणाले, "काई गावात हार धरते, काई गावात नाई धरत. शिरपूरच्या पंचायनं पटका त्याले देला, पण तोंडानं काई बोलले नाई. तुमी दोघंच पाहा बावा." म्हणजे फैसला कोणी दिलाच नाही. तुझ्या अंगठ्याचा काळा डाग मात्र त्या जागी राहिला. तेव्हा तुझा हिशेब एकतीस उभ्या, एकतीस आडव्या. शिरपूरची धरली तर बत्तीस. त्या एका रेघेनं तू बरोबरीचा राहत होतास किंवा राहत नव्हतास. हे मला पुरतं ठाऊक होतं, तरी मी ती रेघ दरवर्षी काढली.

का काढली ते तुला कधी सांगितलं नाही. तू समजायचास की हा चौथीपर्यंत शिकला म्हणून नेमाला धरून आहे. तसं काही नव्हतं, गफूरभाई. ती हार ठरली तरच माझा शेला बरोबर ठरत होता. तू हरतच होतास, मी तुझी मान वाचवली, एवढी सोपी गोष्ट. आणि तू वळत असशील तर मग मी तुझ्या आयुष्यातली एकच सावलीतली कुस्ती माझ्या भीतीपायी मातीत घातली. त्यानंतर तुला कोणी सावलीत बोलावलं नाही. "त्याचा शेलेवाला डरते," असं पंच म्हणायचे. तू मला बदललं असतंस तर कदाचित बोलावलंही असतं. वस्तादांनी तुला माझ्या देखत सांगितलं, "शेला दुसऱ्याच्या हाती दे." तू म्हणालास, "वस्ताद, शेला काय लोटा हाये, की आज याच्या हाती, उद्या त्याच्या?"

म्हणून अनसिंगला मी शेला मुठीला गच्च गुंडाळून बसलो होतो. नारळाची कुस्ती, भर ऊन, समोर साधाच गडी. त्यानं तुझा पाय धरून मागं ओढला आणि गुडघ्यावर बसला. तू मान वळवून माझ्या बाजूला पाहिलंस. मी स्वतःला शपथ घालून बसलो होतो, की यावेळी नाही. कोणी मेलं तरी नाही. तू पुन्हा पाहिलंस. मग गुडघ्यातून आवाज आला, आणि यावेळी तो सगळ्यांना आला.

वस्ताद हळद-तेल चोळत होते, तुझे दात एकमेकांवर करकरत होते, तरी तू हसत होतास. "शिरपूरले लवकर, अनसिंगले उशीर. नारू, तुहा मेळच नाई बसून राह्यला." आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

तू पाहिलंस ते शेला मागायला पाहिलंस का? की नुसतं पाहिलंस, मी आहे की नाही ते? हे मी कधी विचारलं नाही. विचारायला घाबरलो. तू 'मागायला' म्हणाला असतास तर मी काय केलं असतं? आणि 'नाही' म्हणाला असतास, तर माझ्यासाठी खोटं बोललास हे मला कळलंच असतं.

त्यानंतर तुझा पाय सरळ होत नव्हता. पिंजायला बसायचास तर तो पाय पुढं पसरून. आखाड्याच्या वाटेनं जाणं मी कमी केलं. दंगल आली की मला वावरात काम निघू लागलं. रेल्वेच्या कारखान्यात माणसं घेतात असं एकानं सांगितलं आणि मी लगेच हो म्हटलं. घरी म्हणालो, पोटापाण्यासाठी जातो. तेही खरंच होतं. आज पोटाला आहे, डोक्यावर कौलं आहेत, आणि तू पुढं ढकललं नसतंस तर मी कोणाच्या तरी गोठ्यातच राहिलो असतो, हेही खरं. पण मी पळालो तो एका शेल्याला भिऊन.

तू अकोल्याच्या मोटारीपर्यंत लंगडत आलास. काखेत ही रजई. "बंगालात थंडी असते म्हणे. माह्या हातची हाये. पण आयक, दर दोन वर्सानं कापूस गोळा होते, गाठी पडते. घेऊन येत जा, पिंजून देत जाईन." मी हो म्हटलं. मोटार निघाली तेव्हा तू ओरडलास, "अन् शेला तुहाच हाये बे! मी कोणाले देत नाई!"

रजईत केव्हाच्या गाठी पडल्या. कुशीला एक, खांद्याखाली एक. इथं पिंजणारे आहेत, दारावरून कमान वाजवत जातात. मी कधी दिली नाही, कारण ती तूच पिंजायची होती. आणि घेऊनही आलो नाही. मागच्या श्रावणात रजा मिळत होती, गफूरभाई. मी दुसऱ्या गड्याला दिली. म्हटलं, पुढल्या वर्षी. लढाई चालू आहे, कारखान्यात मरणाचं काम आहे, ही कारणं माझ्याजवळ होती, खोटीही नव्हती. पण खरं हे, की आलो असतो तर नागपंचमीला तू भिंतीपाशी बसवलं असतंस, आणि शिरपूरची रेघ काढायची का नाही ते मला ठरवावं लागलं असतं.

कारण इथं आल्यावर माझं मन फिरलं होतं. लांबून पाहिलं की माणसाला नीट दिसतं म्हणतात, तसं काही झालं असेल. एका पाळीला साखळीत अडकलेला लोखंडाचा जड तुकडा आम्ही चौघं वळवत होतो, आणि तो वळायच्या आधी क्षणभर एकदम निपचित झाला. हलतच नव्हता. मग सर्रकन वळला. मला तुझा डावा हात दिसला. तो मातीत शेला शोधत नव्हता. पंजा पसरून, बोटं रोवून बसला होता. तू खरंच वळत होतास. त्या दिवसापासून मी माझ्या पाठांतरात शिरपूरची बरोबरीत धरू लागलो. तुला कळवावं असं कितीदा वाटलं. तुला वाचून दाखवणार कोण, म्हणून राहिलं. हेही कारणच.

आणि आता किसन सांगतो ते ऐक.

तो म्हणाला, पाय असा असूनही तू अधूनमधून नारळाच्या कुस्त्या घेतच राहिलास. समोरच्याला वाटायचं लंगडा आहे, आणि तू त्याला त्या लंगड्या पायावरच फसवायचास. शेला मात्र कोणाच्या हाती दिला नाहीस. दंगलीत लिंबाच्या फांदीला टांगायचास, एरवी आखाड्यातल्या खुंटीला. पोरं विचारायची, "चाच्या, शेलेवाला कुठं?" तू म्हणायचास, "बाहेरगावी गेला हाये. येईन तो."

मी विचारलं, "अन् हिशेब?"

किसन हसला. "ते काय सोडते का? दरसाल चुना वाळला का भितीपाशी. आमच्यातल्या एखाद्याले बसवे अन् काढाले लावे. यंदा मलेच बसवलं होतं. यंदा बी म्हणे, जितक्या जिंकल्या त्याच्याहून हारलेली एक जास्त."

"एक जास्त?" मी विचारलं. "कोणती?"

"शिरपूरची. दुसरी."

मी म्हटलं, "तो ती हार धरत नव्हता, किसन. तो पुसायचा."

"नाई बावा. मी समजतो तवापासून तं हारच धरे. मी म्हणलो बी त्याले एकदा, चाच्या, तेवढी सोडून दे, मंग बरोबर होऊन राह्यली. तं म्हणे, 'सोडून कशी देऊ? मी हारूनच राह्यलो होतो. नारूनं शेला टाकला म्हणून मान राह्यली. ते हार नाई धरली तं त्याचा शेला गलत होते.'"

किसनला काही कळलं नाही. तो पुढं वस्तादांचं सांगत होता. तुझ्या मय्यतीला वस्ताद कबरस्तानात गेले, आखाड्यातली माती धोतराच्या सोग्यात बांधून. मौलवीसाहेबांना भीत भीत विचारलं, चालेल का. ते म्हणाले, "टाका वस्ताद, त्याच्या वळखीची हाये." मी हं हं म्हणत होतो.

तू असं का केलंस, गफूरभाई? मी तिथं होतो तोवर वळत होतास, आणि मी गेल्यावर हरत होतास? भांडायला मी नव्हतो. पुन्हा आडवी काढणारा कोणी नव्हता. आरामात सोडून द्यायची होतीस आणि बरोबरीचा होऊन जायचं होतंस. आयुष्यभर एवढंच एक मागितलंस, आणि तेच माझ्या शेल्याखाली घालून गेलास. गावात आता म्हणत असतील, गफूर चांगला होता, पण जिंकल्यापेक्षा हारला जास्त. माझ्यासाठी तू ते म्हणू दिलंस. मी इकडं बंगालात बसून तुझी बरोबरी करतो, तू तिकडं बसून माझा शेला बरोबर करतोस, आणि मधल्या एवढ्या मुलखात एकमेकांना सांगायला कोणी नाही.

तापात तुझ्या उशाशी कोण होतं ते मी किसनला विचारलं नाही. भाभी असेल. पोरं असतील. कोणी भ्यालं असेल का वेळेवर, मी भ्यायचो तसं? शेला खुंटीवरच होता म्हणे.

मी तुझ्याकडून घेतच आलो. नाव घेतलं, रजई घेतली, आता ही हारही तू मला बक्षीस देऊन गेलास. ही मी घेणार नाही. एवढी एक परत करू दे.

किसन म्हणतो, यंदा काढलेल्या रेघा अजून भिंतीवर आहेत. आखाड्याच्या आत पाऊस लागत नाही, पुढल्या नागपंचमीपर्यंत राहतील. मी फोरमनकडं रजा मागितली आहे. तो पाहू म्हणाला. नाही दिली तर काय करायचं याचीही मला धास्ती आहेच. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण चुना लागायच्या आत मी येतो. आधी कबरस्तानात येईन, मग भाभीकडं, मग आखाड्यात. गाठी पडलेली रजई बरोबर आणीन, नुसती दाखवायला. खुंटीवरचा शेला उतरवून खांद्यावर घेईन. आणि भिंतीपाशी बसून मालेगावपासून सगळ्या म्हणत म्हणत शिरपूरच्या दुसरीपाशी येईन, आणि तू काढायला लावलेली ती आडवी रेघ अंगठ्यानं पुसीन.

तू पुन्हा काढ. मी पुन्हा पुसतो.

तुझा
नारू